रॉबर्ट फ्लॅहर्टी व त्यांचे आश्रयदाते

कोणत्याहि कलावंताचें चरित्र वाचतांना वाचकाचें लक्ष त्याच्या कृतीकडे असतें. ती कृति घडत असतां त्याच्या घरीं चूल कशी पेटत होती व धान्य कोणीं पुरविलें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. कवीस कागद व लेखणी पुरते. परंतु चित्रपट काढणाऱ्यास यंत्र पाहिजे, फिल्म पाहिजे, प्रवासखर्च पाहिजे, आणि सोबतच्या माणसांचीं पोटेंहि भरावयास पाहिजेत. त्यांतहि ज्यास नटनटी, गाणीं व कल्पित कथा यांवांचून खऱ्या माणसांचें जीवन पडद्यावर दाखवावयाचें आहे, त्यास द्रव्य मिळणें अधिकच कठीण. अशा चित्रपटास आपण माहितीपट म्हणतों. या प्रकाराचे जनक मानले गेलेले रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचें चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों, तें विशेषेंकरून याच दृष्टीनें: त्यांस द्रव्य कोणीं दिलें, कां दिलें, आणि त्याचें मोल त्यांस कोणत्या रूपानें फेडावें लागलें.

फ्लॅहर्टी यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८८४ रोजीं अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत आयर्न माउंटन या गांवीं झाला. वडील खाणींचे शोधक असल्यामुळें मुलाचें बालपण कॅनडाच्या अरण्यांत, खाणवाल्यांच्या छावण्यांत गेलें. पुस्तकी शिक्षण त्यांस फारसें मानवलें नाहीं. टोरॉंटोच्या अपर कॅनडा कॉलेजांत ते कांहीं काळ होते; पुढें मिशिगनच्या खाणविद्यालयांत गेले, परंतु तेथूनहि त्यांस लवकरच बाहेर पडावें लागलें. तेथील वास्तव्यांत एकच मोठा लाभ झाला. फ्रान्सिस हबर्ड या सुशिक्षित व धीराच्या मुलीशीं त्यांची ओळख झाली. १९१४ सालीं उभयतांचा विवाह झाला, व पुढें प्रत्येक मोठ्या कार्यांत त्या पतीच्या सहकारी झाल्या.

१९१० सालीं कॅनडांतील रेल्वे बांधणारे धनिक सर विल्यम मॅकेन्झी यांनीं फ्लॅहर्टी यांस हडसन उपसागराकडे लोखंडाच्या शोधार्थ पाठविलें. कुत्र्यांची गाडी व लहानशी होडी हींच तेथील वाहनें, आणि इनुइट लोक हेच वाटाडे व सोबती. फ्लॅहर्टी यांनीं या प्रदेशांत अनेक सफरी केल्या. बेल्चर द्वीपसमूहाचा त्यांनीं शोध घेतला. त्यांतील सर्वांत मोठ्या बेटास आज त्यांचेंच नांव आहे. लोखंड सांपडलें, परंतु इतक्या दुरून तें आणणें परवडणारें नव्हतें. १९१३ सालीं पुढील सफरीस निघतांना मॅकेन्झी यांनींच सुचविलें कीं, सोबत चित्रपटाचा कॅमेरा न्यावा. फ्लॅहर्टी यांनीं रॉचेस्टर येथें तीन आठवडे त्या यंत्राचें शिक्षण घेतलें व ते उत्तरेस गेले. आमच्या मतें मॅकेन्झी हे त्यांचे पहिले आश्रयदाते होत. द्रव्य दिलें तें लोखंडासाठीं, परंतु त्यांतून निघाली ती कला.

त्या सफरींतील चित्रण १९१६ सालीं टोरॉंटो येथें जुळवीत असतां त्यांच्या हातांतील जळती सिगारेट फिल्मवर पडली. त्या काळची फिल्म क्षणांत भडकणारी असे. सुमारें ३०,००० फूट मूळ चित्रण भस्म झालें व ते स्वतः मोठ्या कष्टानें वांचले. एक प्रत शिल्लक होती. परंतु ती पुनःपुन्हां पाहून त्यांच्या ध्यानांत आलें कीं, हीं केवळ प्रवाशानें गोळा केलेलीं सुटीं दृश्यें आहेत. त्यांत जीव नाहीं. एकाच कुटुंबाचें वर्षभराचें जीवन दाखविलें तरच प्रेक्षकाचें हृदय त्या लोकांशीं जडेल. म्हणून पुन्हां जावयाचें असें त्यांनीं ठरविलें. ठरविणें सोपें होतें. पैसा कोठें होता? महायुद्ध चालू होतें आणि बर्फांतल्या लोकांचें चित्र कोण पाहणार, असें धनिकांस वाटे. चार वर्षें ते दारोदार फिरले.

१९२० सालीं रेव्हियों फ्रेर या फ्रेंच पेढीनें त्यांस हात दिला. ही पेढी लोकरीच्या कातड्यांचा व्यापार करी. आपलें नांव चित्रपटावर झळकेल व त्या मोठ्या जाहिरातीपुढें खर्च कांहींच नाहीं, असा तिचा हिशेब होता. त्या वर्षींच्या ऑगस्टमध्यें फ्लॅहर्टी पेढीच्या इनुक्जुआक येथील ठाण्यावर पोंचले व वर्षभर राहिले. चित्रण तेथेंच धुऊन ते इनुइट सोबत्यांस दाखवीत, व पुढें काय घ्यावें याचा विचार त्यांच्यासह करीत. एकूण खर्च सुमारें ५३,००० डॉलर झाला. न्यूयॉर्कच्या वितरकांनीं तो चित्रपट एकामागून एक नाकारला. शेवटीं पाथे कंपनीनें तो घेतला, आणि ११ जून १९२२ रोजीं 'नानूक ऑफ द नॉर्थ' प्रथम लोकांपुढें आला. देशोदेशींच्या प्रेक्षकांनीं त्याचें स्वागत केलें.

येथें एक गोष्ट सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. या चित्रांतील सर्वच खरें नव्हतें. नायकाचें खरें नांव अल्लाकारियाल्लाक असें होतें. इनुइट लोक तोंपर्यंत बंदुका वापरूं लागले होते. चित्रपटांत मात्र भाल्यानें शिकार दाखविली आहे. बर्फाच्या घरांत उजेड पुरेना, म्हणून अर्धेंच घर बांधून त्याच्या उघड्या बाजूनें चित्रण केलें. आपण पूर्वीचें, लोपत चाललेलें जीवन दाखवीत आहों अशी फ्लॅहर्टी यांची भूमिका होती. तथापि पाहणाऱ्यास तें आजचेंच वाटलें, हा दोष उरतोच.

एका यशानें दारें उघडलीं. हॉलिवुडच्या पॅरामाउंट कंपनीनें आपण होऊन त्यांस बोलाविलें व हवें तेथें जाऊन दुसरा 'नानूक' आणावा असें सांगितलें. १९२३ सालीं ते सहकुटुंब सामोआ बेटांत गेले. तेथें निसर्ग सौम्य, अन्न विपुल. मृत्यूशीं झुंज कोठेंच नाहीं. त्या शांत जीवनाचें 'मोआना' हें चित्र १९२६ सालीं निघालें. कंपनीस मात्र रोमांच हवा होता, म्हणून तिनें भलतीच जाहिरात केली, आणि धंद्याच्या दृष्टीनें चित्र फसलें. त्याचेंच परीक्षण लिहितांना जॉन ग्रिअर्सन यांनीं 'डॉक्युमेंटरी' हा शब्द योजला, व तो पुढें रूढ झाला.

यानंतरचा काळ ओढाताणीचा गेला. मोठ्या कंपन्यांचीं दोन कामें मतभेदांमुळें त्यांनीं अर्ध्यावर सोडलीं. पुढें इंग्लंडांत गोमाँ-ब्रिटिश कंपनीच्या पैशानें त्यांनीं आयर्लंडजवळच्या ॲरन बेटांवर 'मॅन ऑफ ॲरन' काढला. १९३४ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्यास सर्वोच्च पारितोषिक मिळालें. परंतु तेथेंहि फार पूर्वीं बंद पडलेली शार्क माशाची शिकार बेटकऱ्यांस नव्यानें शिकवून दाखविली होती; आणि बेटावरील दारिद्र्याचीं खरीं कारणें, जमीनदारांचा जुलूम वगैरे, चित्रांत आलींच नाहींत, असा आक्षेप टीकाकारांनीं घेतला.

आपल्या देशाशींहि त्यांचा संबंध आला. अलेक्झांडर कोर्डा यांच्या कंपनीसाठीं 'एलिफंट बॉय' घेण्यास ते म्हैसूर संस्थानांत आले. तेथील हत्तीखान्यांत एका दिवंगत माहुताचा साबू नांवाचा पोरका मुलगा सांपडला व तोच नायक झाला. पुढें लंडनला कंपनीनें दुसऱ्या दिग्दर्शकाकडून स्टुडिओंत आणखी दृश्यें घेऊन तीं त्यांत मिसळलीं. १९३७ सालीं दिग्दर्शनाचें पारितोषिक मिळालें खरें, परंतु तें चित्र फ्लॅहर्टी यांच्या मनाप्रमाणें उतरलें नाहीं. ज्याच्या हातीं पैसा, त्याच्याच हातीं शेवटची कात्री, हा धडा त्यांस पुनःपुन्हां मिळाला.

सरकारी आश्रयहि त्यांनीं अनुभविला. अमेरिकेच्या शेतकी खात्यासाठीं त्यांनीं 'द लँड' काढला. धुपून गेलेली जमीन, यंत्रांनीं बेकार केलेले मजूर, घरदार सोडून निघालेलीं कुटुंबें हें सर्व त्यांनीं निर्भयपणें दाखविलें. चित्र १९४२ सालीं तयार झालें तोंवर देश युद्धांत उतरला होता. तें चित्रगृहांत सार्वत्रिक दाखविलें गेलेंच नाहीं.

शेवटचा आश्रय सर्वांत उदार होता. न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीनें लुइझियानाच्या दलदलींतील तेलविहिरींविषयीं चित्र काढण्यास सुमारें २,५८,००० डॉलर दिले. उत्पन्न सारें फ्लॅहर्टी यांचें, आणि पडद्यावर कंपनीचें नांवहि नको, अशा अटी. १९४८ सालीं 'लुइझियाना स्टोरी' निघाला. एका लहान मुलाच्या नजरेनें पाहिलेलें तें चित्र अतिशय रम्य आहे, आणि त्याच्या संगीतास पुलित्झर पारितोषिक मिळालें. तरी विचारी प्रेक्षकाच्या मनांत शंका राहतेच: तेलवाले येतात, विहीर खणतात, एक अपघात निस्तरतात व जातात, दलदल पूर्वीसारखीच निर्मळ राहते. कंपनीनें कांहीं सांगितलें नव्हतें. पण तिला जें हवें होतें तें तिला मिळालें.

२३ जुलै १९५१ रोजीं व्हर्मांट प्रांतांत फ्लॅहर्टी यांचें देहावसान झालें. तीन दशकांत पूर्णपणें त्यांच्या मनासारखीं अशीं मोठीं चित्रें जेमतेम चार झालीं. बाकीचा काळ बराचसा आश्रयाच्या शोधांत गेला. १९५५ सालीं फ्रान्सिसबाईंनीं आपल्या शेतावर माहितीपट करणाऱ्यांचें एक चर्चासत्र सुरू केलें. तें पुढें त्यांच्या पतीच्या नांवानें प्रसिद्ध झालें.

आतां काळ पालटला आहे. केवळ माहितीपटांसाठीं अनुदानें देणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. हॉलंडमधील ॲम्स्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवानें १९९८ सालीं आशिया, आफ्रिका इत्यादि खंडांतील कलावंतांसाठीं निधि स्थापन केला. आपल्याकडे १९४८ पासून मुंबईंत फिल्म्स डिव्हिजन हें सरकारी खातें माहितीपट काढीत असे. २०२२ सालीं तें राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झालें. अर्ज करणाऱ्यास विषयाचें टिपण, खर्चाचा अंदाज व थोडें प्रत्यक्ष चित्रण बहुधा द्यावें लागतें. हें शेवटचें कलम नवें नाहीं. आपले दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं मुंबईंत वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली व ती दाखवूनच भांडवल मिळविलें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां कॅमेरा हातीं घेईल. त्यास मदत मागण्याची लाज वाटूं नये. फ्लॅहर्टी यांनीं ती आयुष्यभर मागितली. परंतु घेण्यापूर्वीं तीन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्या: चित्र कोणाच्या मालकीचें, शेवटची कात्री कोणाची, आणि तें लोकांपुढें येईल कीं नाहीं. चौथी गोष्ट कोणत्याहि करारांत लिहितां येत नाहीं. दात्यानें न सांगतांहि आपण त्याच्यासाठीं काय झांकून ठेवीत आहों, हें आपलें आपणच पाहावें लागतें. आणि पालकांस आमची एवढीच विनंती कीं, मुलानें असा मार्ग धरला तर त्यास वेडा न म्हणतां प्रथम त्याचें टिपण व खर्चाचा अंदाज पाहावा.