खानखोजे यांचा विसरलेला धडा

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांना महाराष्ट्र गदर चळवळीतील क्रांतिकारक म्हणून ओळखतो. त्यांच्यातील कृषिशास्त्रज्ञ मात्र उपेक्षितच राहिला. वर्ध्यात जन्मलेल्या खानखोजे यांनी अमेरिकेत शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले, पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांशी झुंज दिली आणि १९२४ मध्ये मेक्सिको गाठले. चापिंगोच्या कृषिविद्यालयात अध्यापन करीत त्यांनी मका व गहू यांच्या वाणांवर संशोधन केले. परंतु वाण काढून ते थांबले नाहीत. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा उभारल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर मायदेशी परतलेल्या खानखोजे यांचे १९६७ साली नागपुरात निधन झाले.

त्यांच्याच विदर्भात २००२ पासून जनुकबदल केलेली बीटी कपाशी आली. तिच्याभोवती साध्या कपाशीच्या ओळी लावणे आवश्यक होते. त्या ओळींवर वाढलेल्या किडीशी संकर होत राहिला, तरच बोंडअळीतील प्रतिकारशक्ती लांबणीवर पडते. बियाणे घरोघर पोचले. ही कारणमीमांसा पोचली नाही आणि त्या ओळी बहुतेक शेतांत लागल्याच नाहीत. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशी पोखरली.

नव्या बियाण्यास सरसकट विरोध करणे शहाणपणाचे नव्हे. मात्र वाणाबरोबर शाळाही बांधावर गेली पाहिजे, हा खानखोजे यांच्या जीवनाचा धडा पुण्याच्या कृषी आयुक्तालयाने तरी विसरू नये.