सामुएल टोमास झ्योमरिंग

सामुएल टोमास झ्योमरिंग (२८ जानेवारी १७५५, टोरुन – २ मार्च १८३०, फ्रांकफुर्ट) हे जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ व वैद्य होते. मेंदूतून निघणाऱ्या तंत्रिकांच्या १२ जोड्यांचे आज रूढ असलेले वर्गीकरण त्यांनी मांडले.

जीवन

झ्योमरिंग यांचे वडील टोरुन येथे वैद्य होते. झ्योमरिंग यांनी ग्यॉटिंगन विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले. पुढे कासल व माइन्त्स येथे त्यांनी अध्यापन केले आणि नंतर फ्रांकफुर्टमध्ये वैद्यकीय व्यवसाय केला. १८०५ मध्ये ते म्युनिकला गेले. तेथे १८०९ मध्ये त्यांनी विद्युत-रासायनिक तारायंत्र तयार केले. त्यात प्रत्येक अक्षरासाठी स्वतंत्र तार होती. १८२० मध्ये ते फ्रांकफुर्टला परतले.

मस्तिष्क तंत्रिकांचे वर्गीकरण

प्राचीन वैद्य गेलेन यांनी मस्तिष्क तंत्रिकांच्या ७ जोड्या मानल्या होत्या. इंग्लंडमधील टॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये त्यांची नवी मोजणी केली. मात्र चेहऱ्याचे स्नायू हलवणारी आनन तंत्रिका आणि श्रवण तंत्रिका कवटीच्या एकाच छिद्रात शिरतात. विलिस यांनी त्या दोन्ही सातव्या जोडीत धरल्या. जिव्हा-ग्रसनी, प्राणेशा (व्हेगस) व साहाय्यक या तीन तंत्रिकाही एकाच छिद्रातून बाहेर पडतात; त्या आठव्या जोडीत एकत्र होत्या.

झ्योमरिंग यांनी १७७८ मधील आपल्या प्रबंधात मस्तिष्कतळाचे बारकाईने निरीक्षण करून या तंत्रिका वेगळ्या केल्या. त्यामुळे आनन तंत्रिका सातवी, श्रवण तंत्रिका आठवी, जिव्हा-ग्रसनी नववी, प्राणेशा दहावी, साहाय्यक अकरावी आणि जिभेचे स्नायू हलवणारी अधोजिव्ह तंत्रिका बारावी ठरली. प्रबंधातील आकृत्या त्यांनी स्वतः काढल्या होत्या. त्या वेळी ते २३ वर्षांचे होते.

आत्म्याच्या स्थानाचा शोध

तंत्रिकांचे उगम मेंदूतील विवरांच्या भित्तींपर्यंत पोहोचतात, असे झ्योमरिंग यांना वाटले. यावरून विवरांतील द्रव हेच आत्म्याचे इंद्रिय असल्याचे मत त्यांनी १७९६ च्या ग्रंथात मांडले. हा ग्रंथ त्यांनी तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यांना अर्पण केला. ग्रंथाला जोडलेल्या टिपणात कांट यांनी आत्म्याला शरीरात स्थान देण्याची कल्पनाच अमान्य केली. हे मत पुढे टिकले नाही.

महत्त्व

झ्योमरिंग यांचे क्रमांक तंत्रिकांच्या मेंदूवरील पुढून मागे जाणाऱ्या दृश्य क्रमावर आधारलेले असल्याने ते कोणालाही पडताळून पाहता येतात. मानवासाठी केलेली ही मोजणी इतर पृष्ठवंशी प्राण्यांनाही लागू करण्यात आली. पारंपरिक गणनेनुसार सरीसृप, पक्षी व सस्तन प्राण्यांत १२, तर मासे व उभयचरांत १० जोड्या मानल्या जातात. रुग्णाच्या तंत्रिका तपासताना डॉक्टर आजही हाच क्रम वापरतात.