जुन्या मर्सिडीजमध्ये विमानाचं इंजिन बसवणारा काउंट, ज्याच्या गाडीमुळे 'चिटी चिटी बँग बँग' हे नाव जगाला मिळालं

आपल्याकडच्या लहान गाडीचं इंजिन साधारण एक लिटरचं असतं. आता अशी तेवीस इंजिनं एकत्र केली तर जेवढं होईल, तेवढं एकच इंजिन एका गाडीत बसवलंय अशी कल्पना करा. १९२१ साली इंग्लंडमध्ये एका तरुणाने हे खरोखर केलं होतं.

त्याचं नाव काउंट लुई झ्बोरोव्स्की.

लुईचा जन्म १८९५ मध्ये लंडनचा. वडील रेसिंग ड्रायव्हर, आई अमेरिकेतल्या गडगंज अ‍ॅस्टर घराण्यातली. लुई आठ वर्षांचा असताना १९०३ मध्ये फ्रान्समधल्या ला टुर्बीच्या चढावाच्या शर्यतीत त्याचे वडील मर्सिडीज चालवताना गेले. शर्टाच्या बाहीचं कफलिंक हाताने चालवायच्या थ्रॉटलमध्ये अडकलं आणि गाडी खडकावर आदळली, असं सांगतात. १९११ मध्ये आईही गेली. सोळाव्या वर्षी पोरगं अनाथ झालं आणि अफाट संपत्तीचं मालकही. कँटरबरीजवळचा हायम पार्क नावाचा वाडा त्याच्याकडे आला.

दुसरा कोणी असता तर शर्यतीच्या गाड्यांपासून चार हात लांब राहिला असता. लुईने वाड्यातच वर्कशॉप थाटलं.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा विमानांची इंजिनं ढिगाने पडून होती. युद्धाच्या काळात इंजिनं झपाट्याने सुधारली होती, पण आता त्यांना गिऱ्हाईक नव्हतं. लुईने मेबॅक कंपनीचं २३ लिटरचं, सहा सिलिंडरचं विमान-इंजिन घेतलं आणि ते युद्धाआधीच्या, चेनवर चालणाऱ्या मर्सिडीजच्या चॅसीत बसवायचं ठरवलं. मदतीला होता कॅप्टन क्लाइव्ह गॅलप, बेंटलीच्या पहिल्या इंजिनावर काम केलेला इंजिनियर.

आता अडचण बघा. इंजिन मोठं, म्हणून चॅसी लांब करावी लागली. पण खरी गोम फेऱ्यांची. विमानाच्या इंजिनाला पंखा फिरवायचा असतो आणि पंखा फार वेगाने फिरवून चालत नाही. त्यामुळे हे ३०० हॉर्सपॉवरचं धूड मिनिटाला जेमतेम पंधराशे फेऱ्यांच्या आसपास आपली ताकद देत होतं. इतक्या कमी फेऱ्यांत गाडी पळवायची तर इंजिनाच्या एका फेरीत चाकं जास्त फिरली पाहिजेत. इथे जुन्या गाडीची चेन कामाला आली. सायकलची दातेरी चाकं बदलून गिअर बदलतो ना, तोच हिशोब. जुनाट वाटणारी चेनच या जुगाडाला सोयीची होती. ब्रेक मात्र जुन्या जमान्याचेच, म्हणजे पळायची सोय नवी आणि थांबायची जुनी!

गाडीचं नाव ठेवलं 'चिटी बँग बँग'. इंजिनाच्या आवाजावरून ते पडलं असं काही जण म्हणतात, तर काही जण सैनिकांच्या एका चावट गाण्याकडे बोट दाखवतात.

१९२१ च्या ईस्टरला ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर चिटी उतरली आणि पहिल्याच दिवशी दोन शर्यती जिंकली. वेग ताशी १६० किलोमीटरच्या पुढे. मग लुई थांबतो कसला! दुसरी चिटी आली, त्यात बेंझचं १८.८ लिटरचं विमान-इंजिन. ती घेऊन पठ्ठ्या १९२२ मध्ये बायको आणि मित्रांसोबत थेट सहारा वाळवंटात फिरून आला. तिसरी चिटीही झाली. त्याच वर्षी ब्रुकलंड्सवर पहिल्या चिटीचा भीषण अपघात झाला, पण लुई वाचला.

पैसा तो फक्त स्वतःच्या हौसेवर उडवत नव्हता. अ‍ॅस्टन मार्टिन तेव्हा अगदी छोटी कंपनी होती. तिच्या रेसिंगला त्याने पैसे पुरवले आणि तिच्या गाड्या स्वतः चालवल्याही.

शेवटचं धूड होतं 'हायम स्पेशल'. त्यात अमेरिकेचं २७ लिटरचं, बारा सिलिंडरचं लिबर्टी इंजिन आणि युद्धाआधीच्या बेंझचा गिअरबॉक्स. तेव्हाची बहुतेक विमान-इंजिनं मॅग्नेटोवर चालत, म्हणजे ठिणगीसाठीची वीज इंजिन फिरता फिरता स्वतःच तयार करत. लिबर्टीची रचना मात्र बॅटरी आणि जनरेटरवर ठिणगी देणाऱ्या यंत्रणेची होती. इंजिन बदलताना त्याची वीजही सोबत येते, ही आजच्या गॅरेजवाल्यांची डोकेदुखी तेव्हापासूनची आहे.

या गाडीला घेऊन जमिनीवरच्या वेगाचा विश्वविक्रम करायचा बेत होता. पण १९ ऑक्टोबर १९२४ रोजी इटलीच्या मॉन्झामध्ये ग्रां प्रीत मर्सिडीज चालवताना लुईची गाडी झाडावर आदळली. तो अवघा २९ वर्षांचा होता. शेजारी बसलेला मेकॅनिक वाचला. वडिलांची तीच कफलिंक्स त्या दिवशी लुईच्या शर्टाला होती अशी आख्यायिका आहे. खरं-खोटं देव जाणे, पण बाप आणि मुलगा दोघेही मर्सिडीज चालवतानाच गेले हे खरं.

हायम स्पेशल वेल्सच्या जे. जी. पॅरी-थॉमसने १२५ पौंडांना विकत घेतली. त्याने तिला चार नवे कार्बोरेटर आणि स्वतः डिझाइन केलेले पिस्टन बसवले, आणि नाव ठेवलं 'बॅब्स'. एप्रिल १९२६ मध्ये वेल्समधल्या पेंडाइनच्या वाळूवर ती ताशी २७५ किलोमीटरने धावली आणि विश्वविक्रम झाला. तो मोडला गेल्यावर परत मिळवायला पॅरी-थॉमस ३ मार्च १९२७ रोजी पुन्हा तिथेच आला. गाडी उलटली आणि तो जागीच गेला. लोकांनी बॅब्सला तिथेच वाळूत पुरलं.

चिटीचं नाव मात्र वर राहिलं. जेम्स बाँडचा लेखक इयान फ्लेमिंगने मुलांसाठी उडणाऱ्या गाडीची गोष्ट लिहिली आणि तिला हेच नाव दिलं; १९६४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. १९६८ मध्ये त्यावर सिनेमा आला.

पुढच्याच वर्षी, ४२ वर्षांनी, वेल्समधल्या एका इंजिनियरने परवानगी काढून पेंडाइनची वाळू उपसली. गंजलेली बॅब्स बाहेर आली, आणि त्याने कित्येक वर्षं खपून ती पुन्हा चालू केली.