भुंगेरे, मित्र आणि दहावा नंबर

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला घरून फोन आला. धाकटी बहीण बारावी झाली, आता इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरायचाय. प्रश्न एकच. अभ्यासाचं कॉलेज वर टाकू की जिथे लाइफ आहे ते?

ताई या नात्याने मी ताबडतोब लेक्चर द्यायला हवं होतं. पण शब्दच फुटेना. दोन वर्षांपूर्वी मीही याच प्रश्नावर अडले होते. शेवटी अभ्यास एके अभ्यास असं ठरवून इथे आले, पहिलं सेमिस्टर रूमचं दार लावून काढलं, मेसमध्येसुद्धा एकटीच जेवायचे, आणि एवढं करून एम-वनमध्ये केटी बसली! अख्ख्या विंगला हे माहीत आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

त्या आठवड्यात मी चार्ल्स डार्विनबद्दल वाचत होते. कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं बायोलॉजी शिकूनही मला डार्विन म्हणजे पांढरी दाढी आणि माकडाचं चित्र एवढंच ठाऊक होतं. तो आपल्यासारखाच वैतागलेला स्टुडंट होता हे कुणी सांगितलंच नव्हतं.

डार्विनचा जन्म 12 फेब्रुवारी 1809 चा, इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावचा. आजोबा डॉक्टर, वडील डॉक्टर. म्हणजे ब्रँच कुणी ठरवली हे सांगायला नकोच! शाळेत लॅटिन आणि ग्रीक घोकायचा त्याला मनापासून कंटाळा. मोठ्या भावाबरोबर घरच्या बागेतल्या खोलीत केमिस्ट्रीचे प्रयोग करायचा, म्हणून शाळेतल्या पोरांनी त्याचं नाव गॅस ठेवलं होतं. शाळेत याचं काही खरं नाही असं दिसल्यावर वडिलांनी त्याला 1825 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, मेडिकलसाठी एडिंबराला धाडलं.

कॉलेज नावाजलेलं, पण याचं मन लागेना. लेक्चर्स इतकी रटाळ की जिऑलॉजीची ऐकून त्याने या विषयाचं पुस्तक जन्मात उघडायचं नाही असं ठरवून टाकलं. दोन ऑपरेशन्स पाहायला गेला, त्यातलं एक लहान मुलाचं होतं. तेव्हा क्लोरोफॉर्म यायला अजून वीसेक वर्षं होती. ऑपरेशन संपायच्या आत तो बाहेर पळाला आणि पुन्हा कधी गेला नाही.

पहिल्या वर्षी सोबत मोठा भाऊ होता, त्यामुळे दोघं एकमेकांतच रमलेले. दुसऱ्या वर्षी भाऊ नव्हता आणि डार्विन एकटा पडला. इथून खरी गंमत सुरू होते. एकटा पडला म्हणून तो माणसं शोधायला लागला. विद्यार्थ्यांच्या प्लिनियन सोसायटीत गेला. रॉबर्ट ग्रँट नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाबरोबर समुद्रकिनाऱ्यावर जीवजंतू गोळा करत हिंडला. जॉन एडमनस्टन या गुलामीतून मुक्त झालेल्या माणसाकडे पैसे देऊन पक्ष्यांत पेंढा भरायला तर तो पहिल्याच वर्षी शिकला होता. मार्च 1827 मध्ये, अठराव्या वर्षी, सोसायटीपुढे त्याने समुद्री जीवांवरचं आपलं छोटंसं संशोधन सांगितलं. यातलं काहीच सिलॅबसमध्ये नव्हतं!

डिग्री मात्र राहिली. वडील भडकले. शिकार, कुत्री आणि उंदीर यापलीकडे पोराला काही सुचत नाही, हा घराण्याला काळिमा फासणार, असं त्यांनी तोंडावर ऐकवलं. (ओळखीचं वाटतंय ना?) मग दुसरा पर्याय निघाला, धर्मगुरू होण्याचा. त्यासाठी केंब्रिजची डिग्री हवी. पण तोवर शाळेतलं ग्रीक पार विसरलेलं, म्हणून घरी शिकवणी लावून तो जानेवारी 1828 मध्ये क्राइस्ट्स कॉलेजात दाखल झाला.

केंब्रिज म्हणजे धमाल. घोडेस्वारी, शिकार, पत्ते, रात्रीच्या पार्ट्या. मित्रांनी मिळून एक खादाड क्लब काढला होता, कुणी न खाल्लेले पक्षी शिजवून खायचे. एकदा घुबड शिजवलं आणि क्लबचा उत्साह मावळला! पण सगळ्यात मोठं वेड भुंगेऱ्यांचं. एकदा झाडाची साल सोलताना दोन दुर्मीळ भुंगेरे सापडले, दोन्ही हातांत एकेक धरला. तेवढ्यात तिसरा दिसला. याने उजव्या हातातला सरळ तोंडात टाकला. त्या किड्याने जिभेवर असा काही तिखट रस सोडला की थुंकावाच लागला, आणि तिसराही निसटला.

याच केंब्रिजमध्ये त्याला प्रोफेसर हेन्सलो भेटले. विषय बॉटनी. दर शुक्रवारी संध्याकाळी त्यांचं घर विद्यार्थ्यांना खुलं असायचं. परीक्षेला लागत नसूनही डार्विन त्यांच्या लेक्चर्सना बसायचा, मग त्यांच्याबरोबर लांब फिरायला जायचा. इतका, की हेन्सलोंबरोबर फिरणारा तो, अशीच त्याची ओळख झाली. हे सोशल लाइफ म्हणायचं की अभ्यास?

परीक्षा जवळ आल्यावर मात्र गडी नेटाने बसला आणि जानेवारी 1831 मध्ये साध्या डिग्रीच्या 178 मुलांत दहावा आला. ऑगस्टमध्ये हेन्सलोंचं पत्र आलं, बीगल जहाजावर निसर्गअभ्यासक म्हणून जाशील का? वडील नाही म्हणाले, मामाने समजूत घातली, आणि 27 डिसेंबर 1831 ला जहाज निघालं. पाच वर्षांनी परतला तो जिऑलॉजिस्ट म्हणून नाव कमावूनच. हो, तीच जिऑलॉजी! ओरिजिन ऑफ स्पीशीज 1859 मध्ये आलं. 1882 मध्ये तो गेला तेव्हा ज्याला धर्मगुरूसुद्धा होता आलं नाही त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलं.

आता बंक मारणाऱ्या मंडळींनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. एडिंबरात डिसेक्शन नीट शिकलो नाही याची हळहळ डार्विनला आयुष्यभर राहिली. गणिताचंही तेच. 1828 च्या सुट्टीत शिकवणी लावली होती, पण अल्जिब्रात काही अर्थच दिसेना म्हणून सोडून दिली. पुढे वाटलं, थोडी तरी मुळं समजून घ्यायला हवी होती. म्हणजे एम-वन त्यालाही भोवलंच!

माझी केटी सुटली ती दार उघडल्यावर. रूममेट आणि तिच्या ग्रुपबरोबर रात्री मेसच्या रिकाम्या टेबलावर इंटिग्रेशन करत बसलो, आणि अडलं की आमच्या सरांना स्टाफरूममध्ये जाऊन छळलं. ते कधी रागावले नाहीत. पहिल्या सेमिस्टरलाही ते तिथेच बसायचे, मीच गेले नव्हते.

म्हणून परवा बहिणीला फोन केला. म्हटलं, रँकिंग बघ, फी बघ, पण एकदा संध्याकाळी पाचनंतर त्या कॉलेजात चक्कर मार. लॅबमध्ये दिवे चालू आहेत का, पोरं सरांशी गप्पा मारत उभी आहेत का, ते पाहा. अभ्यास आणि मित्र यांच्यामध्ये भिंत नसलेलं कॉलेज दिसलं तर ते वर टाक.

आणि कुठेही गेलीस तरी दार उघडं ठेव. फक्त भुंगेरा तोंडात घालू नकोस!