बागेत कोणी आलेच नाही

काही गायकांची आयुष्यभराची कमाई लोक एकाच गाण्यात गुंडाळून ठेवतात. अमेरिकेच्या मिनी रिपर्टनचे तसेच झाले. ‘लव्हिंग यू’ हे तिचे गाणे आणि त्यातला पाखरासारखा उंच स्वर जगाला ठाऊक आहे. पण मला विचाराल, तर खरी मिनी भेटते ती त्याआधीच्या, फारशा कोणी न ऐकलेल्या ‘कम टू माय गार्डन’ या रेकॉर्डमध्ये.

मिनीचा जन्म ८ नोव्हेंबर १९४७ चा, शिकागोचा. आठ भावंडांत ती शेंडेफळ. लहानपणी तिने ऑपेराचे रीतसर शिक्षण घेतले. आपण मंद्र, मध्य, तार अशा तीन सप्तकांचा हिशेब मांडतो. हिचा गळा पाच सप्तकांत फिरे, असे सांगतात. ओढा मात्र सोल संगीताकडे. किशोरवयातच ती ‘द जेम्स’ या मुलींच्या गटात गाऊ लागली. ‘चेस रेकॉर्ड्स’ कंपनीत तिने स्वागतिकेची नोकरी केली, इतरांच्या मागे कोरस धरला. पुढे ‘रोटरी कनेक्शन’ या गटात ती गायली.

तिथले संगीत संयोजक चार्ल्स स्टेपनी यांनी या गळ्याचे मोल ओळखले. १९७० साली आलेली ‘कम टू माय गार्डन’ ही तिची पहिली स्वतंत्र रेकॉर्ड त्यांनीच घडवली. पियानोवर रॅम्झी लुईस, ड्रम्सवर मॉरिस व्हाइट आणि भोवती व्हायोलिनांचा मोठा ताफा. पहिल्याच ‘ले फ्लर’ या गाण्यात एक फूल आपली कहाणी सांगते. इथे उंच स्वर ही कसरत नाही. गाणे मागेल तेव्हाच तो येतो. पण रेकॉर्ड खपली नाही. बाग फुलली, बघायला कोणी आले नाही.

मिनी मग पती रिचर्ड रुडॉल्फ आणि मुलांसह फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल गावी संसारात रमली. १९७२ मध्ये मुलगी झाली, नाव माया. ‘लव्हिंग यू’ ही मूळची तिचीच अंगाई! स्टीव्ही वंडर यांच्या साथीने झालेल्या १९७४ च्या ‘परफेक्ट एंजल’मध्ये ती आली आणि एप्रिल १९७५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

सुख मात्र अल्पायुषी ठरले. १९७६ च्या आरंभी तिला स्तनाचा कर्करोग झाल्याचे निघाले. शस्त्रक्रिया झाली, पण रोग पसरला होता. तेव्हा या दुखण्याचे नाव चारचौघांत घेतले जात नसे. मिनीने त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर ते जाहीर सांगितले, कारण बायकांनी वेळीच तपासणी करावी ही तिची तळमळ होती. अमेरिकन कॅन्सर सोसायटीचे प्रचारकार्यही तिने अंगावर घेतले. उजवा हात निकामी होत गेला, तरी ती गातच राहिली. १२ जुलै १९७९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ती गेली. वय अवघे ३१. माया तेव्हा सात वर्षांचीही नव्हती. तीच पुढे अभिनेत्री माया रुडॉल्फ म्हणून नावारूपाला आली.

२०१९ मध्ये ‘अस’ या चित्रपटाच्या शेवटी ‘ले फ्लर’ वाजले आणि अनेकांनी ती जुनी रेकॉर्ड शोधून काढली. ती ऐकताना मी उंच स्वराची वाट पाहत नाही. त्याआधीचा तिचा खालचा, शांत स्वर ऐकतो. पुढे अवघड गोष्ट जगाला सांगताना तिच्या कामी आला असेल, तर तोच.