बिल ट्रेलर : गुलामीत जन्मलेला चित्रकार

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, बेंटन गावाजवळच्या एका मळ्यावर सन १८५३ च्या सुमारास बिल ट्रेलर यांचा जन्म झाला. आईवडील गुलाम, म्हणून जन्मलेले मूलही मळेवाल्याच्या मालमत्तेत जमा झाले. त्याला आडनावदेखील मालकाचेच मिळाले.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. स्वातंत्र्य मिळाले, पण जमीन मिळाली नाही. अक्षरज्ञानाची दारे बंदच राहिली. पुढची साठ वर्षे ट्रेलर दुसऱ्यांच्या शेतात राबले. सत्तरी उलटल्यावर ते माँटगोमेरी शहरात आले. १९२९ साली त्यांचा एक मुलगा बर्मिंगहॅम शहरात पोलिसांच्या हातून मारला गेला. पुढे संधिवाताने कष्टाचे काम होईनासे झाले. रात्री ते अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या एका दुकानाच्या मागील खोलीत झोपत आणि दिवसा मनरो रस्त्याच्या कडेला बसत.

तेथेच १९३९ च्या सुमारास, वयाच्या पंच्याऐंशीच्या घरात, त्यांनी पेन्सिल हाती धरली. गुरू नाही, शाळा नाही. टाकून दिलेला पुठ्ठा हाच कागद आणि एक सरळ काठी हीच पट्टी! त्यांनी खेचरे, कुत्रे, साप काढले. छत्री घेतलेल्या स्त्रिया, दारू पिणारे पुरुष, बंदूकधारी, जिवाच्या भीतीने पळणारी माणसे काढली. काळ्या माणसाने गोऱ्यांच्या जुलमाविरुद्ध ब्र काढला तर प्राणाशी गाठ पडावी, असा तो काळ होता. जे बोलता येत नव्हते, ते त्यांनी पुठ्ठ्यावर उतरविले.

चार्ल्स शॅनन या तरुण गोऱ्या चित्रकाराने त्यांना रंग आणून दिले व चित्रे जपून ठेवली. तीन-चार वर्षांत हजाराहून अधिक चित्रे झाली. १९४० साली माँटगोमेरीत त्यांचे प्रदर्शनही भरले. परंतु ट्रेलर यांचे दारिद्र्य काही फिटले नाही. पुढे त्यांचा एक पाय कापावा लागला आणि १९४९ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कबरीवर नावाचा दगड बसण्यास २०१८ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन कलासंग्रहालयात त्यांच्या चित्रांचे भव्य प्रदर्शन भरले.

वाचकहो, निरक्षर म्हणजे अज्ञानी नव्हे. ज्यांना लिहू दिले गेले नाही, त्यांच्याजवळही इतिहास असतो. आपल्या घरातील आजोबा-आजींजवळ बसा. त्यांनी काय पाहिले, काय सोसले ते विचारा आणि मुलांकडून लिहवून घ्या. ती माणसे गेल्यावर विचारायला कोणी उरणार नाही.