मदर ॲना डेंगल : मातांची डॉक्टर



११ फेब्रुवारीला आपण लूर्द मातेचा सण साजरा करतो. त्याच दिवशी आजाऱ्यांसाठी विशेष मिस्सा असते, आजाऱ्यांना तेलाभ्यंग दिले जाते. १९३६ साली याच तारखेला रोमहून एक आदेश निघाला. त्याचा संबंध आपल्या भारत देशातील बाळंतिणींशी होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या आदेशामागे ज्या स्त्रीची अनेक वर्षांची धडपड होती, तिची ओळख आज करून घेऊ.

तिच्या आधी आणखी एका स्त्रीचे नाव घ्यायला हवे. डॉ. ॲग्नेस मॅकलॅरन ह्या मूळच्या स्कॉटलंडच्या. स्त्रियांना वैद्यकीय शिक्षणाची दारे बंद होती, त्या काळात फ्रान्सला जाऊन १८७८ साली त्या डॉक्टर झाल्या. वयाच्या ६१व्या वर्षी त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. पुढे त्यांच्या कानी आले की, उत्तर हिंदुस्थानात पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवत नाहीत. बाळंतपण अडले तर आई आणि मूल दोघेही डोळ्यांदेखत जातात. ॲग्नेसबाईंनी लंडनमध्ये समिती स्थापून निधी जमवला, रावळपिंडीला स्त्रिया व मुलांसाठी सेंट कॅथरीन इस्पितळ उभे राहिले आणि ७२व्या वर्षी त्या स्वतः हिंदुस्थानात आल्या.

पैसा आला, इमारत झाली, पण डॉक्टर टिकेना. पगारावर आलेली डॉक्टरीण लग्न झाले की जाई, नाहीतर प्रकृती बिघडली म्हणून परते. इस्पितळात धर्मभगिनी होत्या, पण त्यांना डॉक्टरकी करण्याची मुभा नव्हती. धर्मगुरूंनी शस्त्रक्रिया करू नये असा नियम १२१५ सालच्या लॅटरन धर्मपरिषदेने केला होता. पुढे अशा बंधनांची व्याप्ती वाढत गेली आणि व्रतस्थ भगिनींना सुईणपणही वर्ज्य ठरले. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. ब्रह्मचर्याची काळजी हेच त्यामागचे कारण होते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना नियम आणि नियमाचा हेतू यांतला फरक आम्हांला शिकवला गेला. परीक्षेत आम्ही तो व्यवस्थित लिहिलाही. पण शेजारच्या खोलीत बाई अडलेली आहे आणि शिकलेले हात नियमाने बांधलेले आहेत, असे चित्र तेव्हा डोळ्यांसमोर आले नव्हते. ॲग्नेसबाई म्हातारपणी वारंवार रोमला गेल्या, अर्ज केले. परवानगी मिळाली नाही. १९१३ साली त्यांचे निधन झाले.

त्याआधी ऑस्ट्रियातील एका तरुण मुलीने त्यांना पत्र लिहिले होते. ती ॲना डेंगल. तिचा जन्म १८९२ सालचा, टिरोल प्रांतातील श्टेग या डोंगराळ गावातला. आई लहानपणीच गेली. आईविना वाढलेल्या मुलीला दूरदेशीच्या मातांचे दुःख का लागले असेल, हे वेगळे सांगायला नको. ब्रिटिश राज्यात डॉक्टरकी करायची तर तिकडचीच पदवी हवी, असा सल्ला ॲग्नेसबाईंनी दिला. म्हणून ॲना आयर्लंडमधील कॉर्क येथे शिकायला गेली. दोघींची भेट कधीच झाली नाही. मध्येच महायुद्ध पेटले आणि ऑस्ट्रियाची ही मुलगी ब्रिटिश राज्यात शत्रुराष्ट्राची नागरिक ठरली. तरीही १९१९ साली ती डॉक्टर झाली आणि १९२० साली रावळपिंडीला पोहोचली.

तिथे तिने सुमारे चार वर्षे काम केले. एकटी डॉक्टर आणि दारात रांग. ती थकून गेली. आपण मेलो तर पुन्हा हे इस्पितळ डॉक्टरविना राहणार, हे तिला दिसत होते. १९२४ साली ती मदत मागायला अमेरिकेला गेली. तिथे मायकल मॅथिस या होली क्रॉस संघाच्या धर्मगुरूंचा आधार मिळाला. ३० सप्टेंबर १९२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये चौघीजणी एकत्र राहू लागल्या : दोन डॉक्टर, दोन परिचारिका. हाच मेडिकल मिशन सिस्टर्सचा आरंभ. जाहीर व्रते घेतली असती तर डॉक्टरकी सोडावी लागली असती, म्हणून त्यांनी ती घेतलीच नाहीत. धर्मभगिनींसारखे जगायचे, पण कायद्याने धर्मभगिनी व्हायचे नाही! अशी अकरा वर्षे गेली. आम्हांला ही गोष्ट कित्येक पराक्रमांहून मोठी वाटते.

ॲना भाषणे देत फिरली, संघाने मासिक काढले. तिची मागणी मात्र दुहेरी असे. औषधांना पैसे हवेत आणि शिकलेल्या मुलीही हव्यात. नुसत्या दयेने बाळंतपण होत नाही, हे ती रावळपिंडीत शिकली होती. पुढे त्या शहरात होली फॅमिली इस्पितळ सुरू झाले. अखेर १९३६चा आदेश आला. मिशन प्रदेशातील माता व बालकांसाठी व्रतस्थ भगिनींनी वैद्यकीय शिक्षण घ्यावे, सुईणपणही करावे, असे रोमनेच सुचवले. ॲग्नेसबाईंना जाऊन तेव्हा तेवीस वर्षे झाली होती. इतका उशीर का झाला, याचे उत्तर ख्रिस्तसभेचे सेवक म्हणून आमच्यापाशी नाही.

पुढे काम वाढत गेले. पाटणा, दिल्ली, आफ्रिकेतील घाना अशा ठिकाणी इस्पितळे झाली. पाटण्याच्या इस्पितळाची एक आठवण प्रसिद्ध आहे. १९४८ साली मदर तेरेजा तिथे रुग्णसेवा शिकायला गेल्या. आपल्या भगिनींनी मीठ-भातावरच राहावे, असा त्यांचा बेत होता. पाटण्याच्या सिस्टरांनी त्यांना बजावले की, असे केले तर भगिनी आजारी पडतील आणि गरिबांची सेवा कोण करणार? मदर तेरेजांनी ते ऐकले.

मदर ॲना १९६७पर्यंत संघाच्या प्रमुख होत्या. १७ एप्रिल १९८० रोजी रोममध्ये त्यांनी देह ठेवला. व्हॅटिकनमधील जर्मन दफनभूमीत त्यांची कबर आहे. रावळपिंडीचे होली फॅमिली पुढे सरकारकडे गेले. त्याचे नाव मात्र बदललेले नाही. तिथे येणाऱ्या बहुतेक माता मुस्लिम असतात आणि मूल कुठे झाले असे विचारले, तर त्या पवित्र कुटुंबाचेच नाव सांगतात.